राइड-ऑन मोवर: चाकांची बेअरिंगं आणि पात्यांचा क्लच पावसाळ्यासाठी कसे तयार करायचे

पुण्यात राइड-ऑन मोवरचं, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राचं, वर्ष जूनच्या पहिल्या जोरदार सरींनी सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये सोसायट्यांत टँकर मोजून येतात, लॉन पिवळं पडतं आणि यंत्र पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहतं. मग आठवडाभर पाऊस लागतो, गवत घोट्याच्या वर येतं, कमिटीच्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात. त्याच दिवशी ताडपत्री निघते, मेलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून करंट दिला जातो आणि यंत्र थेट ओल्या गवतात उतरतं. क्लच जळून बंद पडतो ऑगस्टमध्ये, पण त्याच्या मरणाची तजवीज जूनमधल्या त्या दिवशीच झालेली असते.

म्हणून हे काम मेच्या शेवटच्या पंधरवड्यात करावं. बाणेरच्या सोसायटीतला लॉन ट्रॅक्टर असो, मुळशीच्या फार्महाउसवरचा असो किंवा एखाद्या क्लबच्या मैदानावरचा, आतली रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. पुढे दोन लहान चाकं, मागे गिअरबॉक्सला जोडलेली दोन मोठी चाकं, पोटाखाली पात्यांचा डेक, आणि इंजिनच्या शाफ्टच्या खालच्या टोकाला पाती चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा क्लच. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये विजेचा क्लच नसतो. तिथे लिव्हर ओढला की आयडलर पुली बेल्टला ताण देते आणि पाती फिरतात. त्यांच्याबद्दल एवढंच: केबलचा ताण बघा, आयडलरचं बेअरिंग हाताने फिरवून बघा, ब्रेकच्या पट्ट्या झिजल्या असतील तर बदला. पुढचं क्लचबद्दलचं सगळं विजेच्या क्लचचं आहे.

पाना उचलण्याआधी कान लावा

बहुतेक जण आवाज आला की आधी डेक उतरवतात. अर्धा दिवस जातो आणि आवाज भलतीकडूनच येत असतो. आवाज कुठून येतोय यापेक्षा तो कधी येतो हे आधी ठरवा, कारण या यंत्रात प्रत्येक बेअरिंगची काम करायची वेळ वेगळी आहे.

इंजिन चालू, पाती बंद. या वेळी घरघर येत असेल आणि पाती चालू करताच ती थांबत असेल, तर क्लचच्या पुलीचं बेअरिंग गेलंय. हे अनेकांना उलटं वाटतं. पाती बंद असताना पुली ब्रेकला धरून स्थिर असते आणि तिच्या आतला हब इंजिनबरोबर फिरत असतो, म्हणजे बेअरिंगला तेव्हाच काम असतं. पाती चालू झाली की हब आणि पुली एकत्र फिरतात आणि त्या बेअरिंगला जवळपास सुट्टी मिळते.

दोन्ही वेळेला सारखीच घरघर येत असेल तर संशय क्लचच्या दुसऱ्या बेअरिंगवर. कॉइल (क्लचचं विजेचं चुंबक) स्थिर आणि तिच्या मधून रोटर (इंजिनबरोबर फिरणारा भाग) कायम फिरता, या दोघांमधलं ते बेअरिंग.

पाती चालू केल्यावरच आवाज येत असेल तर तो डेकवरच्या स्पिंडलचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या शाफ्टचा, किंवा आयडलर पुलीचा. क्लचला हात लावायची गरज नाही.

आणि इंजिन बंद करून, गिअरबॉक्सचा फ्री-व्हील लिव्हर ओढून यंत्र ढकललं, आणि कुरकुर किंवा टक-टक आली, तर चाकांकडे चला.

मेकॅनिक लोक लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकतात. पद्धत चांगली आहे, पण फक्त पाती बंद असताना, आणि डेकखाली हात न घालता. पाती चालू असतानाची परीक्षा सीटवर बसूनच करायची.

खाली वाकण्याआधी

किल्ली काढून खिशात ठेवा. स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा, दोन सिलिंडर असतील तर दोन्ही. यंत्र फरशीवर किंवा काँक्रीटवर घ्या. मातीत जॅक रुततो आणि कलतो. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा. मागच्या चाकांना पुढूनमागून वीट. पात्यांजवळ काम करताना जाड हातमोजे. पाती बोथट झाली म्हणून बोट कापत नाही अशा भ्रमात राहू नका.

पुढची चाकं

पुढच्या चाकांत दोनपैकी एक असतं. बहुतेक लॉन ट्रॅक्टरमध्ये साधी बुश असते, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेली कॉलरवाली नळी, आणि ती थेट एक्सलवर फिरते. महागड्या मॉडेलमध्ये बॉल बेअरिंग असतं. झिरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणाऱ्या, यंत्रांच्या पुढच्या गरगर फिरणाऱ्या चाकांत कधी टेपर रोलर बेअरिंगही सापडतं.

आधी चाक उचलून परीक्षा घ्या. एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि आत-बाहेर हलवा. बुशवाल्या चाकात थोडा ढिलेपणा असतोच, त्याने घाबरू नका. पण चाक डोळ्यांना तिरकं दिसत असेल किंवा हलवताना स्पष्ट ठोका लागत असेल, तर ते उतरवायलाच हवं. बॉल बेअरिंगच्या चाकात मात्र ढिलेपणा जवळजवळ नसावा. फिरवल्यावर ते शांतपणे, खरखर न करता फिरलं पाहिजे.

उतरवणं सोपं आहे. बाहेरची प्लॅस्टिकची किंवा पत्र्याची टोपी स्क्रू-ड्रायव्हरने हलक्या हाताने काढा. आत ई-क्लिप, म्हणजे चाक एक्सलवर अडवून धरणारी लोखंडी कडी, दिसेल. ती उडते, म्हणून एका हाताने त्यावर फडकं धरून दुसऱ्या हाताने सोडवा. मग वॉशर. वॉशर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला दोन असली रचना असते आणि परत बसवताना हमखास घोळ होतो. चाक सरळ बाहेर ओढा.

आता एक्सल पुसा आणि व्हर्नियरने मोजा. बऱ्याच यंत्रांत हा एक्सल पाऊण इंचाचा, म्हणजे १९.०५ मिमीचा असतो. त्याची झीज नेहमी खालच्या बाजूला जास्त असते, कारण वजन तिथे येतं. म्हणून उभं आणि आडवं अशी दोन मापं घ्या. दोन मापांत पाव मिमीहून जास्त फरक असेल तर नवी बुश घालूनही चाक तिरकंच राहणार. अशा वेळी एक्सलसकट तो भाग बदलावा, किंवा वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून घ्यावा. भोसरी, धायरी, शिवणे या पट्ट्यात हे काम करणारे टर्नर भरपूर आहेत. एक मात्र सांगा: भरताना एकाच जागी सतत उष्णता देऊ नका, भाग वाकतो. आणि नवं माप त्यांना तोंडी न सांगता नवी बुश सोबत नेऊन द्या.

जुनी बुश काढायला चाक आडवं ठेवा, दुसऱ्या बाजूने लांब पंच किंवा जाड लोखंडी सळई आत घाला आणि बुशच्या आतल्या कडेवर गोल फिरत थोडं-थोडं ठोका. एकाच जागी ठोकलं की ती तिरकी अडकते. आतला पोकळ भाग डिझेलने धुवा, जुनं काळं ग्रीस आणि माती पूर्ण काढा, चिंधीने कोरडं करा. नवी बुश बसवताना वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडी मारा, किंवा मोठ्या व्हाइसमध्ये दाबा. बॉल बेअरिंग बसवत असाल तर दाब फक्त बाहेरच्या रिंगवर यायला हवा. आतल्या रिंगवर ठोकलेलं बेअरिंग बसवताक्षणी खराब होतं. फक्त ते महिनाभराने कळतं.

बुश काढून सीलबंद बॉल बेअरिंग टाकावं का, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत: यंत्र ज्याच्या हातात आहे त्याला ग्रीस गन उचलायची सवय असेल तर बुशच ठेवा. चाकाच्या हबवर ग्रीस निप्पल असतो. त्यातून ग्रीस भरलं की ते आतली माती आणि पाणी ढकलत कडेने बाहेर येतं. पावसाळ्यात हा गुण फार कामाचा आहे. सीलबंद बेअरिंग मात्र एकदा पाणी आत शिरलं की ते आतच ठेवतं. ग्रीसकडे वर्षभर कुणी बघणारच नसेल, तर सीलबंद बेअरिंग बरं.

टेपर रोलर असेल तर धुऊन, हाताने ग्रीस भरून, नट आवळत चाकाला किंचित जडपणा येईपर्यंत जा आणि मग थोडं मागे या. चाक मोकळं फिरावं, पण हलू नये.

इंच आणि मिलिमीटरचा घोळ

आपल्याकडची बरीच राइड-ऑन यंत्रं अमेरिकन मापाची आहेत आणि सुट्टे भाग विकणारे काउंटर मेट्रिकचे. नाना पेठेत बेअरिंग घ्यायला गेलात आणि पाऊण इंच म्हणालात, तर काउंटरवरून उत्तर येतं, "साहेब, वीसचं घ्या, बसतं ते." बसतं, पण एक मिमीच्या आसपास सैल बसतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत एक्सल खाऊन टाकतं.

बेअरिंगवरचा नंबर वाचायला शिका, निम्मा घोळ तिथेच संपतो. ६२०४ मध्ये शेवटचे दोन आकडे ०४, त्याला ५ ने गुणा: आतला व्यास २० मिमी. ६२०५ म्हणजे २५ मिमी. हा नियम ०४ पासून पुढे चालतो. ०३ म्हणजे १७ मिमी आणि ०२ म्हणजे १५ मिमी, हे पाठच ठेवायचं. ६२०३ चा बाहेरचा व्यास ४० मिमी आणि जाडी १२ मिमी, ६२०४ चा ४७ आणि १४, ६२०५ चा ५२ आणि १५.

पण मोवरच्या स्पिंडलमध्ये एक गंमत असते. बाहेरून अगदी ६२०३, ४० मिमीच, पण आतलं भोक १७ मिमीऐवजी पाऊण इंच किंवा पाच-अष्टमांश इंच. हे खास मोवरसाठीच बनतं. म्हणून नुसता नंबर सांगून बेअरिंग मागवू नका. जुनं बेअरिंग खिशात घाला, आतला व्यास मोजा, मग बोला.

नंबरच्या पुढचं २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. आपल्या धुळीला आणि पावसाला २आरएसच घ्या. पत्र्याचं झाकण पाणी थोपवत नाही. एसकेएफचा कारखाना चिंचवडलाच आहे, तरी नामांकित ब्रँडच्या नावाचा नकली माल बाजारात फिरतो. अधिकृत विक्रेत्याकडून, बिल घेऊन आणि सीलबंद पाकिटातलंच बेअरिंग घ्या.

ग्रीसबद्दल दोन वाक्यं. लिथियमवर आधारलेलं, दुकानात एपी-३ म्हणून मिळणारं ग्रीस चाकांना चालतं. चॅसिस ग्रीस म्हणून सुटं मिळणारं पिवळं ग्रीस उष्णतेत वितळतं, ते बेअरिंगला नको. आणि आधी कोणतं ग्रीस होतं हे माहीत नसेल तर नवं त्यावर चढवू नका, जुनं धुऊन काढा. काही ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहून जातात.

मागची चाकं

इथे फारसं काम नाही. मागच्या एक्सलची बेअरिंगं गिअरबॉक्सच्या आत असतात आणि त्यांना तेल तिथूनच मिळतं. फक्त एक्सलच्या सीलमधून तेल झिरपतंय का ते बघा. पण वर्षातून एकदा ही चाकं ई-क्लिप काढून बाहेर घ्याच. चाक एक्सलवर चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने, अडकलेलं असतं, आणि दोन-तीन पावसाळे न काढलेलं चाक गंजून एक्सलशी इतकं एकजीव होतं, की पंक्चर काढायलाही पुलर आणि गॅस लागतो. एक्सल पॉलिशपेपरने घासा, कॉपर ग्रीसचा पातळ थर द्या, चावी हरवू न देता चाक परत चढवा.

डेकचे स्पिंडल

बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पातं हाताने फिरवा. चांगला स्पिंडल एक-दोन फेऱ्यांत शांतपणे थांबतो. खरखर येत असेल, किंवा पात्याचं टोक धरून वर-खाली केल्यावर आत काही हलल्यासारखं वाटलं, तर बेअरिंग बदलायचं. एक गेलं असेल तरी स्पिंडलमधली दोन्ही बदला, कारण दुसरं त्याच पाण्यात भिजलेलं असतं.

उघडताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. दोन बेअरिंगांच्या मधे एक नळी, म्हणजे स्पेसर, असते. ती परत घालायची विसरली की नट आवळताच दोन्ही बेअरिंगं आतून चेपली जातात आणि एका हंगामातच जातात. दुसरी गोष्ट ग्रीस निप्पलची. काही स्पिंडलच्या बाहेर निप्पल असतो, पण आतली बेअरिंगं दोन्ही बाजूंनी सीलबंद असतात. मग भरलेलं ग्रीस मधल्या पोकळीत पडून राहतं, बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी बसवण्याआधी दोन्ही बेअरिंगांचं आतल्या, म्हणजे पोकळीकडच्या बाजूचं सील टोचून काढून टाकावं. बाहेरचं सील तसंच ठेवायचं. यानंतर निप्पलला अर्थ येतो. पण ग्रीस गन जोरात मारू नका. दोन-तीन पंप पुरे, नाहीतर बाहेरचं सील उडतं.

आता क्लच

हा यंत्रातला सगळ्यात महागड्या भागांपैकी एक. वॉर्नर किंवा ओगुरा या कंपन्यांचा असण्याची शक्यता जास्त. आणि हाच भाग सगळ्यात जास्त वेळा विनाकारण बदलला जातो.

रचना समजली की बाकी सोपं आहे. वर स्थिर कॉइल, तिच्या आत-खाली इंजिनच्या शाफ्टबरोबर फिरणारा रोटर, आणि रोटरच्या खाली एक लोखंडी चकती, म्हणजे आर्मेचर, जी पुलीला जोडलेली असते. बटण ओढलं की कॉइल चुंबक होते, चकती वर खेचली जाऊन रोटरला चिकटते, पाती फिरतात. बटण दाबलं की स्प्रिंग चकतीला मागे ढकलून ब्रेकवर दाबते, पाती थांबतात. चकती आणि रोटर यांच्यात बंद अवस्थेत एक बारीक फट असते. सगळा खेळ त्या फटीचा आणि व्होल्टेजचा आहे.

क्लच वापरून-वापरून झिजतो, फट वाढते. फट वाढली की चुंबकाला लांबून ओढावं लागतं. त्यात कॉइल तापली की तांब्याचा विद्युतरोध वाढतो. ३ ओहमची कॉइल ८० अंशांनी तापली की जवळपास ४ ओहमची होते. करंट तेवढा कमी होतो आणि ओढ तर त्याहून जास्त कमी होते, कारण ती साधारण करंटच्या वर्गाने बदलते. करंट तीन-चतुर्थांशावर आला की ओढ जेमतेम निम्म्यावर येते. म्हणूनच ठरावीक तक्रार अशी असते: सकाळी थंड यंत्र मस्त चालतं, अर्ध्या तासाने पाती आपोआप थांबतात, थोडा वेळ सावलीत ठेवलं की परत चालतात. हे ऐकून नवा क्लच मागवू नका. शंभरातल्या बऱ्याच वेळा ती फटीची किंवा बॅटरीची तक्रार असते.

आधी वीज तपासा. हे काम मल्टिमीटरने दहा मिनिटांत होतं.

१. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. कमी असेल तर चार्जिंग किंवा बॅटरी. एप्रिलपासून पडून राहिलेली बॅटरी आतून खराब होते. ती यंत्राला चालू होऊ देते, पण चार्जिंगचा बराचसा करंट स्वतःच खाते आणि क्लचला उपाशी ठेवते.

२. इंजिन बंद करा, क्लचचा वायर-कनेक्टर सोडवा आणि कॉइलचा रोध मोजा. बहुतेक क्लचचा तो २ ते ४ ओहमच्या दरम्यान येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. जवळपास शून्य असेल तर आत जळून चिकटली. या दोन अवस्थांत मात्र क्लच बदलायचाच. कॉइल राळेत ओतून बंद केलेली असते. ती गुंडाळून घेण्याच्या नादी लागू नये.

३. कनेक्टर परत जोडा, सीटवर कुणाला तरी बसवा, इंजिन न लावता किल्ली ऑन करा आणि पात्यांचं बटण ओढा. क्लचमधून स्पष्ट 'टक्' आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज, मग बटण, मग सीटचा आणि ब्रेकचा स्विच. इंजिन चालू असताना पात्यांचं बटण ओढताच इंजिनच बंद पडत असेल तर पहिला संशय सीटच्या स्विचवर. तो वायर जोडून कायमचा बायपास करणारे लोक आहेत. तसं करू नका. माणूस सीटवरून पडला तर पाती थांबवणारी ती एकच गोष्ट आहे.

४. 'टक्' येतो, पण लोडवर क्लच घसरतो? कनेक्टरच्या मागून मीटरच्या सुया टोचून, क्लच जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल, तर मधे कुठेतरी गंजलेला कनेक्टर किंवा जळका स्विच आहे. पावसाळ्यानंतर हिरवट पडलेले कनेक्टर हा पुण्यातला नेहमीचा गुन्हेगार.

वीज ठीक असेल तर फट. यंत्र थंड असावं, किल्ली खिशात, प्लगची टोपी काढलेली. क्लचच्या कडेला तीन खिडक्या दिसतील आणि प्रत्येकीजवळ एक नट. काही मॉडेलमध्ये नट नसतात, त्याऐवजी बारीक शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून फट कमी करतात. त्यांना यंत्राचं मॅन्युअल बघूनच हात लावा.

खिडकीत एअर गनने हवा मारून धूळ आणि गवताचा भुगा काढा. आत कसलाही स्प्रे मारू नका, गंज सोडवणारा तर नकोच. तेलकट झालेला क्लच सरकतो आणि तापतो.

फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या जुडीतलं, ०.३० मिमीचं पातं खिडकीतून चकती आणि रोटर यांच्या मधे घाला. बऱ्याच क्लचसाठी ०.२५ ते ०.४० मिमी ही पट्टी चालते; तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पातं किंचित घासत जाईल एवढा नट आवळा. एका जागचं झालं की दुसऱ्या, मग तिसऱ्या खिडकीकडे जा, आणि परत पहिल्याकडे या, कारण एक नट फिरवला की बाकी दोन ठिकाणची फट हलते. तीनही खिडक्यांत सारखं माप येईपर्यंत हे फिरत राहायचं. इथे कंटाळा करून एक नट जास्त आवळला की चकती त्या बाजूला रोटरला कायम घासत राहते: पाती बंद असतानाही हळूहळू फिरतात आणि क्लच नुसत्या घासण्याने जळतो.

झालं की प्लगची टोपी लावा, इंजिन सुरू करा, पाती चार-सहा वेळा चालू-बंद करा, परत बंद करून थंड होऊ द्या आणि फट पुन्हा मोजा. मग ब्रेकची परीक्षा: पाती बंद केल्यावर पाच सेकंदांच्या आत थांबली पाहिजेत. थांबत नसतील तर ब्रेकची चकती झिजली आहे, आणि ते यंत्र लोकांच्या आसपास चालवायचं नाही.

फट नीट, व्होल्टेज नीट, तरी बेअरिंगची घरघर आहे, तर क्लच उतरवावा लागेल. आधी वायरचा कनेक्टर सोडवा. हे विसरून वायर तोडणारे बरेच. मधला बोल्ट सरळ आट्यांचाच असतो, पण घट्ट असतो, आणि इंजिनचा शाफ्ट त्याच्याबरोबर फिरतो. इम्पॅक्ट रेंचने तो चटकन सुटतो. ते नसेल तर वरून फ्लायव्हील पट्ट्याच्या पान्याने धरा, पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नका. क्लच शाफ्टवर गंजला असेल तर गंज सोडवणारं तेल शाफ्टच्या बाजूने सोडा आणि रात्रभर ठेवा. कॉइलच्या पत्र्याला पहार लावून ओढलं की ती वाकते आणि मग क्लच सुटूनही उपयोग नाही.

परत बसवताना शाफ्टवर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, चावी जागेवर ठेवा, स्पेसर असेल तर तो. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. बऱ्याच यंत्रांत ६५ ते ७५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नक्की आकडा मॅन्युअलमधून घ्या. आणि कॉइलला फिरू न देणारी जी पट्टी किंवा खाच असते, ती कॉइलला किंचित हलायची मोकळीक ठेवते. ती मोकळीक दोषासारखी दिसते, म्हणून काही जण तिथे नट आवळून कॉइल घट्ट करून टाकतात. तसं केलं की बेअरिंगवर सतत आडवा ताण येतो आणि नवं बेअरिंगही लवकर जातं.

नवा क्लच बसवला असेल तर त्याचे घासणारे पृष्ठभाग एकमेकांवर बसवून घ्यावे लागतात. इंजिन मध्यम वेगावर ठेवून, गवत नसलेल्या जागी पाती दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं दहा वेळा करा. त्यानंतरच गवतात. रोजच्या वापरातही पाती चालू करताना थ्रॉटल मधे ठेवा आणि चालू झाल्यावर पूर्ण वर न्या. उंच ओल्या गवतात उभं राहून पाती चालू करायची नाहीत, आधी कापलेल्या जागेत या.

धुणं

पावसाळ्यात डेकच्या वर ओल्या गवताचे लगदे साचतात आणि स्पिंडलभोवती दिवसभर पाणी धरून ठेवतात. रोज काम संपल्यावर कोरड्या ब्रशने किंवा हवेने ते काढा. पाइपने धुतलं तर चालतं, पण त्यानंतर पाती एक-दोन मिनिटं फिरवून पाणी उडवून टाका.

प्रेशर वॉशर मात्र चाकांच्या हबवर, स्पिंडलवर आणि क्लचवर कधीही नको. खंडेनवमीला हे सगळ्यात जास्त होतं. आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवरून मशीन आणून यंत्राच्या अंगावर दणकून पाणी मारलं जातं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूचा हार, आणि पंधरा दिवसांत स्पिंडल ओरडायला लागतो. हार घाला, हळदकुंकू लावा. पाणी फक्त पत्र्यावर.

किती तासांनी काय

पुढच्या चाकांच्या निप्पलना दर २५ तासांनी ग्रीस. भर पावसात सलग काम असेल तर आठवड्याला एकदा, तास न मोजता. स्पिंडलना निप्पल असेल तर तेव्हाच, हलक्या हाताने. क्लचची फट हंगामाच्या सुरुवातीला आणि नंतर दर १०० तासांनी. बॅटरी एप्रिल-मेमध्ये काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा लहान चार्जरवर लावा.

कपाटात कायम असावं ते असं: पुढच्या चाकांच्या बुशचा एक जोड, स्पिंडलची दोन बेअरिंगं, चार ई-क्लिप, क्लचच्या फ्यूजच्या मापाचे दोन फ्यूज, एक बेल्ट आणि फिलर गेज. जुलैत कुरिअर उशिरा येतं आणि गवत थांबत नाही.